जांभळी न झालेली पट्टी

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता विमलाबाई पगारे खोटारड्या ठरल्या. ठरवणाऱ्यांनी त्यांना विचारण्याची तसदीही घेतली नाही.

गंगापूर रोडवरच्या त्या कर्करोग संशोधन केंद्रात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. बारा रुग्ण, एक गोळी आणि एक कडक पथ्य. विमलाबाई सहा नंबरच्या रुग्ण. वय अडुसष्ट, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या स्तनातली गाठ तीन सेंटिमीटरची होती. आजच्या स्कॅनमध्ये ती साडेचारची निघाली. बाकीच्यांच्या गाठी मात्र निमूट आटत होत्या.

"हिनं पथ्य मोडलंय," केंद्राचे प्रमुख डॉ. अश्विन देवरे म्हणाले आणि त्यांनी फाइल संजनापुढे सरकवली. "लघवीची पट्टी बघ. पाच आठवड्यांत एकदा तरी जांभळी झालीय?"

संजना गायधनी ही चाचणीची आहारतज्ज्ञ. पट्टीचं शास्त्र तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. भात, भाकरी, साखर बंद केली की शरीर अंगातली चरबी जाळायला घेतं. त्या जळणाची राख लघवीत उतरते आणि पट्टी जांभळी होते. इतरांच्या पट्ट्या पिकल्या जांभळासारख्या होत होत्या. विमलाबाईंची कोरीच्या कोरी. भरीला भर म्हणजे बाकी सगळे वाळत चाललेले असताना बाईंचं वजन दीड किलोनं वाढलं होतं.

"पण सर, त्यांची रक्तातली साखर सगळ्यांत चांगली आहे. रोजची वहीत आहे, आणि मंगळवारी आपण इथं काढतो तीही."

"वहीत काय, मीही लिहीन. आणि मंगळवारी यायचं म्हणून सोमवारी कडक राहायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळेच अभ्यास करतात." डॉक्टर हसले. ते हसू संजनाला आवडलं नाही. पथ्य मोडलेला रुग्ण चाचणीतून वगळला की गोळीच्या खात्यावर अपयश लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "शुक्रवारी दहाला समिती बसतेय. तोवर पथ्यभंगाचा अहवाल दे. सहा नंबर बाहेर."

बाहेर म्हणजे काय, ते केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. विमलाबाई चाचणीत येण्याआधी तीन नंबरचे सोमनाथदादा असेच बाहेर गेले होते. साखर तीनदा अडीचशेच्या वर गेली, नियमावर बोट ठेवून नाव कमी झालं, आणि चाळीस दिवसांत दशक्रियेचा निरोप आला. विमलाबाईंवर दुसरी सगळी औषधं वापरून झाली होती. ही गोळी गेली की मागं काही नव्हतं.

संजनाला त्या क्षणी दया आली नाही, राग आला. पहिल्याच दिवशी बाईंनी तिचा हात हातात घेऊन "मला मावशी म्हण" असं सांगितलं होतं. मावशी म्हणवून घ्यायचं आणि पाठीमागं चोरून खायचं. विश्वासाचं असं भरीत व्हावं हे तिला फार लागलं.

२

दुपारी डबा उघडताना तिनं सगळं मनालीला सांगितलं.

मनाली बोरस्ते चाचणीची नर्स, आणि संजनाची अकरावीपासूनची मैत्रीण. एकीनं तास बुडवायचा आणि दुसरीनं तिची हजेरी लावायची, एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या पोटात जायची, असं ते पंधरा वर्षांचं गूळपीठ. रुग्णांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन विचारपूस करणं हे मनालीचं काम. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे रुग्ण म्हणत.

"काढतीलच का गं त्यांना?" मनालीनं विचारलं.

"काढतील नाहीतर काय. गाठ अशी फुगायची म्हणजे अंगात इन्सुलिन ओसंडून वाहिलं असणार."

"इन्सुलिननं? साखरेनं ना?"

"साखर बिचारी नुसती निरोप्या." संजनाला शिकवायची खोड होती. ती घास तसाच ठेवून सुरू झाली. "पेशीच्या दारावर बेल असते असं समज. इन्सुलिन ती बेल दाबतं. मग आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, खा, वाढ, एकाचे दोन हो. गाठीतली बेल अडकून बसलेली असते, वाजतच राहते. आपली गोळी मधली तार तोडते. पण तार तुटली की चांगल्या पेशींनाही निरोप जात नाही, साखर रक्तात पडून राहते, आणि शरीर घाबरून आणखी इन्सुलिन ओततं. इतकं दाबलं की तुटल्या तारेतूनही निरोप जातो. गोळी हरते. म्हणून तर पथ्य. साखरच खायची नाही, म्हणजे इन्सुलिन उठणारच नाही."

"पण इन्सुलिननं साखर कमी होते ना?"

"साखर कमी होते आणि गाठ मोठी होते. हीच तर गोम आहे."

मनालीनं हातातला घास डब्यात परत ठेवला. डब्याचं झाकण लावलं. मग ती म्हणाली, "संजू, सांगणार नव्हते. मी त्यांच्या उशाखाली नानकटाईचा पुडा पाहिलाय. मुलाची बेकरीच आहे. म्हातारी खाते."

३

बुधवारी सकाळी दहा वाजता संजना उपनगरच्या मागच्या वस्तीत विमलाबाईंच्या घरी पोचली. घर दोन खोल्यांचं पण लख्ख. आल्याआल्या तिनं उशीकडे नजर टाकली. विमलाबाईंनी ती नजर टिपली. तेहतीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला बेंचखाली काय चाललंय ते दिसतं.

"झडती घ्यायला आलीस?"

"मावशी, खरं सांगा. काय खाता तुम्ही?"

"तू लिहून दिलंस ते. अंडी, पालक, पनीर, शेंगदाणे. मेथीचं तर आता नाव काढू नकोस." त्यांनी वही पुढे केली. टपोरं अक्षर, प्रत्येक पानावर समास आखलेला. "पोरांच्या वह्यांतला खाडाखोड केलेला आकडा मला लांबून दिसायचा. माझ्या वहीत शोध."

संजनानं शोधलं. वहीतला एकेक आकडा तिनं साखर तपासायच्या यंत्राशी लावून पाहिला. यंत्र तारीखवेळ ठेवतं, त्याला पुसता येत नाही. पाच आठवड्यांचे सत्तर आकडे. सत्तरच्या सत्तर जुळले. पहिल्या दहा दिवसांत साखर चढत दोनशे चाळीसपर्यंत गेली होती, आणि अकराव्या दिवसापासून एकदम शंभरावर येऊन गपगार झाली होती.

आता मात्र संजनाची मती गुंग झाली. ही गोळी चालू असताना नानकटाई खाल्ली असती तर साखर तीनशेच्या घरात गेली असती. ती शंभर आहे, म्हणजे खाल्लेलं नाही. पण न खाल्लेल्या माणसाची पट्टी जांभळी झाली पाहिजे. ती कोरी आहे, म्हणजे खाल्लंय. दोन साक्षीदार, दोघंही निर्जीव, दोघांनाही खोटं बोलता येत नाही, आणि दोघांच्या साक्षी एकमेकांच्या उलट.

"दहा दिवसांनी असं काय झालं, मावशी?"

"पथ्य अंगवळणी पडलं असेल," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "पाणी घे. फ्रीजमध्ये आहे."

संजनानं फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात लाल, बी-बारा जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनची एक सीलबंद बाटली होती. तिच्या शेजारी दुधाळ पांढऱ्या औषधाची दुसरी, तळाला गेलेली.

ती इन्सुलिनची होती.

४

"माझीच आहे ती," नवनाथ म्हणाला. "जय भीम, ताई. बसा ना."

विमलाबाईंचा हा एकुलता मुलगा. कोपऱ्यावर त्याची बेकरी. भट्टीसमोर उभं राहून त्याचा चेहरा तांबूस झाला होता. "सहा वर्षं झाली डायबेटिसला. बेकरीवाल्याला साखर, हसतात लोक. सकाळी सहाला टोचून घेतो आणि भट्टी पेटवतो."

मुलाची बेल गंजलेली आणि आईची अडकलेली, संजनाच्या मनात आलं. तार मात्र एकच. एका घरात दोन आजार, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

"नवनाथदादा, बाटली कधी आणली?"

"तेच तर कळत नाही. महिनाभर पुरायची. आता पंधरा-सोळा दिवसांत संपते. मला वाटलं दुकानदार कमी भरतो की काय." तो हसला. पण संजना हसत नाही हे बघून त्याचं हसू मावळलं. "का हो?"

"आईंना दिलंत का कधी?"

"येडं लागलंय का मला? आईला कशाला देऊ?" मग त्याचा आवाज खाली आला. हातातला ट्रे त्यानं ठेवून दिला. "एक सांगतो. परवा दुपारी तिला दरदरून घाम सुटला. हात थरथरत होते, बोलताना जीभ अडखळत होती. अकरा-साडेअकराला असं होतं तिला अधूनमधून. मी होतो म्हणून बरं. अर्धी नानकटाई तोंडात घातली तिच्या. नको नको म्हणत होती. पाच मिनिटांत उठून बसली. त्यानंच गाठ वाढली का, ताई? माझ्यामुळं झालं का हे?"

"परवा? त्याआधी कधी पुडा नेला होता घरात?"

"बेकरीचा माल आम्ही घरात नेतच नाही. मुंग्या होतात. अर्धी नानकटाई दिली ती खिशातून नेलेली."

अर्ध्या नानकटाईनं पाच मिनिटांत उठून बसणारं माणूस कशानं आडवं झालं होतं, हे आहारतज्ज्ञाला सांगावं लागत नाही. साखर पार तळाला गेली होती. आणि जो पुडा घरात गेलाच नाही तो मनालीनं उशाखाली कसा पाहिला, हे विचारायला हवं होतं. ते संजनानं विचारलं नाही. मनात आलेला विचार तिनं स्वतःच झटकून टाकला. मनालीला दुसरंच काही दिसलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस आपल्या माणसासाठी डोळ्यांवर कातडं ओढून घेतो ते असं.

ती निघाली तेव्हा नवनाथ मागून म्हणाला, "मनालीताईंना सांगा, आमच्यावर उपकार आहेत त्यांचे. सख्खी लेक येणार नाही अशा रोज येतात आईकडे, सकाळी आठला."

केंद्राच्या कागदावर मनालीची भेट आठवड्यातून एकदा, दर सोमवारी होती.

५

केंद्राच्या प्रयोगशाळेत सहादू खैरनार वीस वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळत होता. इगतपुरीहून रोज गाडीनं ये-जा. दर मंगळवारी काढलेल्या रक्तातला थोडा भाग तो गोठवून ठेवायचा. त्याला कोणी विचारलं नाही तरी तो ठेवायचा, आणि कोणी विचारलं तर त्याला मनापासून आनंद व्हायचा.

"सहा नंबरच्या पाचही नळ्या हायेत," तो म्हणाला. "काय बघू?"

"इन्सुलिन. आणि सी-पेप्टाइड."

गुरुवारी सकाळी त्यानं कागद तिच्यासमोर ठेवला. त्याचा चेहरा गंभीर होता.

"मॅडम, पहिल्या नळीत दोन्ही जरा वरच हायेत, गोळीमुळं. पुढच्या चार बघा. इन्सुलिन लय म्हणजे लय. आन सी-पेप्टाइड नावाला."

संजनानं आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"कांद्याचं बघा तुम्ही," सहादू म्हणाला. "घरात कांदा सोलला तर टरफलं घरात पडणारच. शरीर इन्सुलिन बनवतं तवा सी-पेप्टाइड हे त्याचं टरफल. जेवढा कांदा तेवढं टरफल. इथं कांदा पोतंभर हाय आन टरफल एक नाय. म्हंजे हा माल घरचा नाय. सोललेला कांदा भायरून आलाय."

कोडं एका झटक्यात सुटलं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिननं साखर खाली आणली, म्हणून वही खरी. त्याच इन्सुलिननं चरबी जळू दिली नाही, म्हणून पट्टी कोरी आणि वजन वाढलेलं. त्याच इन्सुलिननं गाठीची बेल दाबून धरली. दोघांपैकी एकही साक्षीदार खोटं बोलला नव्हता. विमलाबाईंनी पाच आठवडे तोंडात एक दाणा चुकीचा घातला नव्हता.

आणि संजनानं त्यांच्या उशीकडे बघितलं होतं.

६

"मावशी, मी चुकीचा प्रश्न विचारत होते," गुरुवारी दुपारी ती विमलाबाईंना म्हणाली. "काय खाता ते विचारलं. तोंडाशिवाय दुसऱ्या वाटेनं अंगात काय जातं, ते विचारलंच नाही."

विमलाबाई म्हणाल्या, "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"शब्द दिलाय म्हटल्यावर कुणाला ते कसं सांगू?"

"नाव नका सांगू. काय ते सांगा."

बाईंनी थोडा विचार केला. नाव सांगायचं नाही एवढंच वचन असावं बहुधा. "ताकदीचं इंजेक्शन. बाकीच्यांना मिळत नाही, फक्त मला. कळलं तर सगळे मागतील, म्हणून बोलायचं नाही."

आपल्याकडे ताकदीचं इंजेक्शन म्हटलं की माणूस बाही वर करतो, कशाचं ते विचारत नाही. शिकलेली बाई असली तरी विचारत नाही.

"कुठं टोचतात? दंडात?"

"पोटाला. मुंगी चावल्यासारखं, बारीक सुई. पांढरट औषध असतं."

ताकदीचं औषध लाल असतं आणि ते मांसात खोल टोचतात. फ्रीजमध्ये नुसत्या दाखवायला ठेवलेल्या लाल बाटलीचं सील अजून तुटलेलं नव्हतं. पोटाला बारीक सुईनं टोचतात ते दुधाळ औषध एकच.

सकाळी आठला घरात विमलाबाई एकट्या. नवनाथ सहालाच भट्टीवर. आठला येणारं माणूस एकच होतं. तरीही संजना रिक्षात बसून वकिली करत राहिली. मनाली असं करूच शकत नाही. या चाचणीत इन्सुलिन वर्ज्य आहे हे केंद्रातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. जानेवारीतल्या एका रविवारी संजनानं स्वतः सगळ्यांना तीन तास प्रशिक्षण दिलं होतं. त्यातला एक तास नुसता त्या बेलवर होता. जो माणूस त्या वर्गात बसला तो इन्सुलिनला हात लावणार नाही.

मग तिला मंगळवारचा डबा आठवला. "इन्सुलिननं? साखरेनं ना?" वर्गात बसलेली नर्स असं विचारेल?

आणि मग दुसरं आठवलं. त्या रविवारी मनाली लासलगावला गेली होती, मुलगा बघायला. हजेरीपत्रकावर तिची सही होती.

ती सही संजनानं केली होती.

७

मनालीनं नाकारलं नाही. केंद्राच्या मागच्या पायऱ्यांवर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि भडाभडा बोलली.

"दोनशे चाळीस झाली होती साखर. अजून दहा चढली असती तर सोमनाथदादांसारखं नाव कमी केलं असतं. त्यांच्या बायकोनं माझे पाय धरले होते, संजू. तू रडलीस आणि घरी गेलीस. मी ठरवलं, आता दुसरं माणूस जाऊ द्यायचं नाही. साखर खाली आणायची तर इन्सुलिनच देतात ना? सगळीकडे तेच देतात. मला काय माहीत ते गाठीला खाऊ घालतं!"

"नव्हतं माहीत, कबूल. मंगळवारी कळलं ना? मंगळवारी दुपारी एक वाजता कळलं. तेव्हा गप्प बसलीस?"

मनालीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गप्प बसली असतीस तरी चाललं असतं. नानकटाईचा पुडा कुठून काढलास?"

"घाबरले गं."

संजनाला सगळ्यात जास्त तेच लागलं. इंजेक्शन मायेनं दिलं होतं. पुडा मात्र घासभर वेळात रचला होता, तोही ज्या बाईचा हात धरून बसायची तिच्याच माथी मारायला. आणि तो तिनं संजनाच्या हाती दिला, संजना तो घेऊन जाईल या खात्रीनं. संजना तो घेऊन गेलीही होती.

"उद्या दहाला समितीपुढं तू स्वतः सांग," ती म्हणाली. "मी तुझ्या शेजारी उभी राहीन. सही माझी होती हेही मी सांगेन. दोघी मिळून भोगू."

मनालीनं तिला मिठी मारली आणि ती हमसून रडली. "सांगते," ती म्हणाली. "शपथ."

८

शुक्रवारी दहाला संजना आत गेली तेव्हा मनाली आधीच समितीसमोर बसलेली होती. डोळे कोरडे होते.

समितीत तिघं होते, आणि डॉ. देवरे. विमलाबाई आणि नवनाथ भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. संजनानं सहादूचे आकडे मांडले. इन्सुलिन बाहेरून टोचलं गेलं, पथ्य मोडलेलं नाही, रुग्ण निर्दोष आहे. देवरेंच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण आकड्यांशी भांडता येत नाही एवढं त्यांना कळत होतं. मग संजनानं मनालीकडे पाहिलं.

मनाली उभी राहिली. "सर, हे ऐकून मला धक्का बसला. त्या घरात इन्सुलिन आहे, मुलाचं. आईची साखर वाढलेली बघून त्यानं दिलं असणार. बिचाऱ्याला काय कळतं! पण घरच्यांनी लपवून इंजेक्शन दिलं तर नियमानं तो पथ्यभंगच होतो."

नवनाथ ताडकन उठला. विमलाबाईंनी त्याचा हात घट्ट धरून त्याला खाली बसवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मनाली," त्या म्हणाल्या, "तू रोज येत होतीस."

"विचारपूस करायला, आई."

"इंजेक्शन तू देत होतीस."

"त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते समितीनं ठरवावं," मनाली देवरेंकडे वळून म्हणाली. "आणि सर, जानेवारीतलं हजेरीपत्रक काढा. त्या प्रशिक्षणाला मी पूर्ण वेळ हजर होते. इन्सुलिन दिलं तर गाठ वाढते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग मी कशाला देईन?"

पत्रक आलं. मनाली बोरस्ते, सही, वेळ दहा ते एक. समितीतल्या एकानं मान डोलावली. मनालीनं संजनाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज नव्हती. खोटी सही करणाऱ्या बाईला चाचणीत ठेवत नाहीत, कुठंच ठेवत नाहीत. संजना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही, हा हिशेब मनालीनं कालच्या मिठीतच केला असणार. पंधरा वर्षांच्या मैत्रीत एकीला दुसरीचं सगळं ठाऊक असतं, कुठं दाबलं की ती गप्प बसेल हेसुद्धा.

"ती सही मी केलीय," संजना म्हणाली.

समितीतल्या एकानं पत्रक पुन्हा जवळ ओढलं.

"मनाली त्या दिवशी लासलगावला होती. सहीचा शेवटचा फाटा बघा, माझ्या नावातल्या फाट्यासारखाच आहे. आणि हा तिचा निरोप." तिनं फोन टेबलावर ठेवला. जानेवारीतला रविवार, सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. 'सही मार ना गं माझी, पाहुणे बसवून ठेवतायत.' खाली संजनाचं उत्तर, 'मारली. मुलगा कसाय?' "ती वर्गात नव्हती. म्हणून तिला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तिनं दिलं. नवनाथदादा सहाला भट्टीवर असतात, वस्तीतल्या कोणालाही विचारा. बाईंनी सांगितलेली पांढरट औषधाची सुई आणि फ्रीजमधली सील न तुटलेली लाल बाटली, दोन्ही तपासा. ज्या वर्गामुळं हे टळलं असतं, त्या वर्गात ती बसली आहे असं मी लिहून दिलं. म्हणून ह्या बाईंची गाठ वाढली. अर्धा दोष माझा आहे."

मनाली खुर्चीत बसली. "तू मला विकलंस," ती हळू आवाजात म्हणाली. तिला ते खरोखर तसंच वाटत होतं.

९

निकाल अर्ध्या तासात लागला. मनालीला काढलं, नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार. संजनाचं चाचणीतलं काम त्या क्षणापासून बंद, पुढची चौकशी वेगळी. सहा नंबर चाचणीत कायम. गोळी आणि पथ्य सोमवारपासून पुन्हा पहिल्या दिवसासारखं मोजायचं. पाच आठवडे वाया गेले होते. ते भरून निघतील का, हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

बाहेर बाकावर विमलाबाई बसल्या होत्या. नवनाथ रिक्षा बघायला गेला होता. संजना त्यांच्यापुढं उभी राहिली.

"तुम्ही आत आहात, मावशी. गोळी मिळेल."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "ती सुई टोचून झाली की माझं पोट चोळत बसायची. म्हणायची, आई, तुम्ही बऱ्या होणार बघा. तिला ते मनापासून वाटत होतं का गं?"

खोटं सांगणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर बाईंना मनसोक्त चिडता आलं असतं.

"हो. वाटत होतं."

विमलाबाईंचे डोळे भरून आले. पाच आठवडे आजार, पथ्य, घाम, थरथर, खोटारडेपणाचा शिक्का, कशानंही न रडलेली ती बाई पदर तोंडाशी धरून रडली. संजना बसायला वाकली, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"आणि बुधवारी तू माझ्या उशीकडे बघितलंस. मी चोरून खाते असं तुलाही मनापासून वाटत होतं?"

"हो."

"बरं झालं खरं बोललीस." त्यांनी डोळे पुसले. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली, नवनाथनं हाक मारली. विमलाबाई बाकाला धरून उठल्या. संजनानं आधाराला हात पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही, झिडकारलाही नाही.

"आज तू माझ्यासाठी नोकरी घालवलीस, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मला मावशी म्हणू नकोस. बाई म्हण."

"हो, बाई," संजना म्हणाली. रिक्षा गंगापूर रोडच्या गर्दीत शिरली तरी ती तिथंच उभी होती.